बंद टेम्पोतील जुने फिटिंग काढताना: रिपिट निघते, भोक उरते

कापडाच्या व्यापाऱ्याने गॅरेजच्या कामावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु ज्याचा माल गाडीत भरला जातो त्याला गाडीच्या पत्र्याचीही थोडी माहिती असावी लागते. ती नसल्यामुळे मी एका पावसाळ्यात नुकसान सोसले आहे. ते इतरांना सोसावे लागू नये, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी मी एक जुना बंद टेम्पो घेतला. आधीचा मालक त्यातून पाव आणि बिस्किटे पोचवीत असे. आत दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्यांच्या मांडण्या होत्या, बाहेर जाहिरातीच्या फळ्या होत्या आणि टपावर कॅरिअर होते. हे सर्व रिव्हेटने, म्हणजे आपले कारागीर ज्याला रिपिट म्हणतात त्याने, पत्र्यावर पक्के केलेले होते. कापडाच्या गाठी ठेवायला मांडण्यांची अडचण होऊ लागली. एका कारागिराने एका दुपारीच सारे काढून दिले, भोकांत लांबी भरली आणि वरून रंग मारला. गाडी नव्यासारखी दिसू लागली. जुलैमध्ये त्याच गाडीतून मालेगावहून कोरे कापड भरले. कसारा घाटात पावसाने झोडपले. माल उतरवून गाठी सोडल्या, तर वरच्या ताग्यांवर तांबडे डाग आणि खालच्या ताग्यांना कुबट वास!

कापडाचा धंदा करणाऱ्याला याचा अर्थ सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. कोऱ्या कापडाच्या ताण्याला खळ दिलेली असते आणि ती बहुधा स्टार्चची असते. ओल लागली की बुरशीला आयतेच खाद्य मिळते. गंजाचा डाग साबणाने जात नाही. त्याला ऑक्झॅलिक आम्लासारखा इलाज करावा लागतो आणि त्यात कापडाला इजा होण्याची भीती असते. पाणी थेंबभर असले तरी भाव उतरतो तो संपूर्ण ताग्याचा.

माझी चूक कोठे झाली? मजुरी ठरवताना मी किती रिपिटे काढायची ते मोजले, किती भोके उरणार ते मोजले नाही. फिटिंग काढणे हे अर्धेही काम नव्हे. खरे काम त्यानंतर सुरू होते.

काय काढावे आणि काय काढू नये

बंद बॉडीमध्ये रिपिटे दोन कामांसाठी असतात. काही रिपिटे बॉडीचा पत्रा आतील सांगाड्याला, म्हणजे खांबांना आणि टपाच्या कमानींना, धरून ठेवतात. ही सरळ ओळीत आणि सारख्या अंतरावर असतात. यांना हात लावू नये. ती काढली तर पत्रा हलू लागतो, हादऱ्याने जोड उघडतात आणि सांगाड्याचा जोर कमी होतो. दुसरी रिपिटे नंतर बसवलेल्या वस्तूंची असतात, उदाहरणार्थ मांडणी, आकडे, फळी, कॅरिअर किंवा दिव्याची पट्टी. आपल्याला फक्त हीच काढायची आहेत. एखादे रिपिट दोन्ही कामे करीत असेल, म्हणजे मांडणीची पट्टी आणि बॉडीचा पत्रा एकाच रिपिटने सांगाड्याला धरलेला असेल, तर ते काढल्यावर त्याच जागी त्याच जाडीचे नवे रिपिट बसवले पाहिजे. अशी रिपिटे एकदम सगळी काढू नयेत. एक काढावे, एक बसवावे, मग पुढे जावे.

येथे कायद्याचीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपुस्तकातील तपशील आणि निर्मात्याने मूळ दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही. आतील मांडणी काढणे वेगळे आणि बॉडीची उंची किंवा बांधणी बदलणे वेगळे. दुसऱ्या प्रकारचे काम मनात असेल तर आधी आरटीओमध्ये विचारणा करावी.

आरपार की आतल्या आत?

छिन्नी उचलण्यापूर्वी खडू उचलावा. प्रत्येक रिपिट पाहून त्यावर खूण करावी. जे रिपिट फक्त आतील खांबात किंवा आतील अस्तराच्या प्लायवूडमध्ये आहे, ते निघाल्यावर पाणी आत येण्याचे कारण नाही. जे रिपिट बाहेरच्या पत्र्यातून आरपार गेले आहे, ते निघाले की पावसाला दार उघडले. टपावरची आरपार रिपिटे सर्वांत धोक्याची, कारण तेथे पाणी थांबते. त्यानंतर पुढच्या कपाळपट्टीची, कारण गाडी धावताना पाऊस तेथे जोराने आपटतो. बाजूच्या पत्र्यावरची त्याहून कमी, पण तीही सोडून चालत नाहीत.

अशी मोजणी केली की काम किती हे समजते. माझा नियम आता असा आहे: एका दिवसात जेवढी भोके बंद करता येतील तेवढीच रिपिटे त्या दिवशी काढायची. काम मे महिन्यातच उरकावे. जूनमध्ये पहिल्या सरीनंतर कोरडा पत्रा मिळणे दुर्मिळ होते.

काढण्याची रीत

रिपिट दोन जातीचे असते. एक भरीव. त्याचे डोके एका बाजूला असते आणि दुसरी बाजू ठोकून पसरवलेली असते. दुसरे पोकळ, ज्याला पॉप रिपिट म्हणतात. ते एकाच बाजूने गनने बसवता येते. गन मधला खिळा ओढते, त्या खिळ्याचे डोके पोकळ नळी आतून फुगवते आणि खिळा ठरलेल्या जागी तुटतो. खिळ्याचा तुकडा नळीत अडकून राहतो. रिपिटच्या डोक्याच्या मधोमध गोल ठिपका किंवा खळगा दिसला तर ते पॉप रिपिट समजावे.

पॉप रिपिट काढताना पहिली चूक अशी होते की कारागीर थेट ड्रिल लावतो. मधला खिळा बहुधा पोलादी आणि कठीण असतो. ड्रिलचे बिट त्यावरून घसरते आणि शेजारचा पत्रा ओरखडते. म्हणून आधी बारीक पंच लावून हातोडीच्या हलक्या ठोक्याने तो तुकडा आत पाडावा. मग बिट आपोआप मधोमध बसते. भरीव रिपिटच्या डोक्यावर आधी सेंटर पंचाने खोलगट खूण करावी, बारीक बिटाने वाट करावी आणि मग मोठे बिट लावावे.

बिट केवढे घ्यावे? रिपिटच्या दांड्याएवढेच, मोठे नको. गॅरेजमध्ये एक सुती रिपिट म्हणतात ते ३.२ मिलिमीटरचे आणि दीड सुती म्हणतात ते ४.८ मिलिमीटरचे. या दोहोंच्या मधले ४ मिलिमीटरचे. ड्रिल फक्त डोक्याच्या जाडीएवढेच चालवावे. डोके सुटून बिटावर चढले की थांबावे आणि उरलेला दांडा पंचाने बाहेर ढकलावा. आरपार ड्रिल चालवत राहिल्यास भोक मोठे आणि लांबट होते, आणि त्यात पुन्हा त्याच मापाचे रिपिट घट्ट बसत नाही. बिट किती खोल जाऊ द्यायचे तेथे चिकटपट्टीचा वेढा द्यावा, म्हणजे अंदाज चुकत नाही.

कधी कधी रिपिट सैल झालेले असते आणि बिटाबरोबर स्वतःच गरगर फिरू लागते. अशा वेळी जोर लावण्यात फायदा नाही. डोक्याच्या कडेखाली पातळ पात्याचा स्क्रू ड्रायव्हर दाबून धरावा, किंवा पकडीने डोके धरावे, आणि ड्रिल हळू चालवावे. ग्राइंडर मात्र टाळावा. त्याच्या ठिणग्यांनी रंग जळतो, लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि नंतर तेथे गंजाचे ठिपके उठतात. शिवाय कापडाच्या गाडीत कोपऱ्याकोपऱ्यात कापसाचा भुसका साचलेला असतो. त्याला आग लागायला ठिणगी पुरे.

ड्रिल लावण्यापूर्वी पत्र्यामागे काय आहे ते पाहून घ्यावे. मागच्या दिव्यांच्या वायरी बहुधा खांबांच्या आडोशाने नेलेल्या असतात. बॅटरीचे टोक सोडून ठेवावे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. काम संपल्यावर पत्रा आणि अस्तर यांमध्ये पडलेले खिळ्यांचे तुकडे चुंबकाने ओढून घ्यावेत आणि ॲल्युमिनियमचा चुरा झाडून काढावा. पोलादी तुकडा तेथेच राहिला तर तो गंजतो, आणि पाण्याबरोबर तोच गंज खाली मालावर उतरतो. माझ्या ताग्यांवरचे तांबडे डाग बहुतेक याच कचऱ्याचे होते.

भोक बंद करण्याचा पक्का इलाज

आता मुख्य मुद्दा. लांबी हा भोकाचा इलाज नव्हे. लांबी ही पृष्ठभाग सपाट करण्यासाठी असते. गाडीचा पत्रा हादऱ्याने थरथरतो, उन्हात प्रसरण पावतो आणि रात्री आकसतो. लांबी त्याच्याबरोबर हलत नाही. तिला बारीक तडा जातो आणि लांबी ओल धरून ठेवते. वरून रंग शाबूत दिसतो, पण आतल्या आत पत्रा सडत असतो.

एकटे भोक असेल आणि त्याची कड शाबूत असेल, तर त्यात नवे रिपिट बसवणे हाच सोपा उपाय. परंतु साधे पॉप रिपिट नको. ते पोकळ असते. मधल्या खिळ्याचा तुकडा काही दिवसांच्या हादऱ्यांनी गळून पडू शकतो, आणि मग रिपिट म्हणजे पाणी आत आणणारी नळीच होते. यासाठी बंद तोंडाचे पॉप रिपिट मिळते. त्याचे आतील टोक टोपीसारखे बंद असते. दुकानात ते नाव घेऊन मागावे. मापाचा नियम असा: रिपिटच्या व्यासापेक्षा भोक किंचितच मोठे असावे. ३.२ च्या रिपिटला ३.३ मिलिमीटरचे भोक पुरते. लांबी ठरवताना सर्व पत्र्यांची एकूण जाडी अधिक रिपिटचा व्यास, एवढा ढोबळ हिशेब धरावा. भोक लांबट झाले असेल तर ते ड्रिलने गोल करून पुढच्या मापाचे रिपिट घ्यावे.

रिपिट बसवण्यापूर्वी भोकाची कड कानशीने साफ करावी, स्पिरिटने पुसावी आणि लोखंडी पत्रा असेल तर उघड्या कडेला प्रायमर लावावा. प्रायमर सुकल्यावर डोक्याखाली सीलंटचे वेटोळे द्यावे आणि मग गन चालवावी. सीलंट चारी बाजूंनी थोडे बाहेर आले पाहिजे. तसे आले तरच आत ते सगळीकडे पोचले, असे समजावे.

सीलंट कोणते घ्यावे, यातही फसगत होते. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे स्वस्त सिलिकॉन धातूला मानवत नाही. सुकताना त्यातून निघणारे आम्ल पत्रा खाते. शिवाय सिलिकॉनवर रंग धरत नाही. बॉडीच्या कामाला पॉलियुरेथेन सीलंट चांगले. ते रबरासारखे लवचिक राहते आणि त्यावर रंगही चढतो. जुने सिलिकॉन असेल तर ते खरवडून पूर्ण काढावे, कारण त्यावर नवे काहीच चिकटत नाही. पॉलियुरेथेन हवेतील ओलाव्याने पक्के होते. वरून तासाभरात साय धरली तरी आतून सुकायला वेळ लागतो. म्हणून निदान एक दिवस, आणि थर जाड असेल तर त्याहून अधिक, गाडी उभी ठेवावी. त्या एका दिवसाचे भाडे वाचवण्यात शहाणपण नाही.

जाहिरातीच्या फळीसारखे फिटिंग निघाले की भोकांची ओळच उरते. तेथे एकेक भोक बुजवत बसण्यापेक्षा संपूर्ण ओळीवर त्याच धातूची एक पट्टी बसवावी. पट्टीखाली ब्युटिल टेप लावावा. हा टेप कधी कडक होत नाही. पट्टीचे कोपरे गोल करावेत. पट्टीची वरची कड शक्य असेल तेथे वरच्या पत्र्याच्या खाली सरकवावी. घराची कौले पाहा, वरचे कौल नेहमी खालच्यावर चढलेले असते. त्याच न्यायाने पाणी जोडावरून खाली गेले पाहिजे, जोडात शिरता कामा नये. टपावरच्या पट्टीला मात्र चारी बाजूंनी सीलंट हवे. टपाला पन्हळी असतील तर नवे रिपिट खोलगट भागात न मारता उंचवट्यावर मारावे. गोदामाच्या छपराच्या पत्र्याला हूक नेहमी उंचवट्यावर मारतात, त्याचे कारण हेच.

लोखंडी पत्र्याला वेल्डिंगने भोक बुजवणे हा आणखी पक्का मार्ग आहे, पण वेल्डिंगपूर्वी आतील अस्तर आणि वायरी काढाव्या लागतात, आणि नंतर दोन्ही बाजूंनी प्रायमर व रंग द्यावा लागतो. आतली बाजू तशीच ठेवली तर गंज तेथूनच सुरू होतो.

धातूला धातूचे वैर

ॲल्युमिनियमचा पत्रा असेल तर ॲल्युमिनियमचे रिपिट आणि लोखंडी पत्रा असेल तर लोखंडी रिपिट, हा नियम पाळावा. दोन वेगळे धातू एकमेकांना लागले आणि मध्ये पाणी आले की त्यांतील एक झिजू लागतो. ॲल्युमिनियमचे लहान रिपिट मोठ्या लोखंडी पत्र्यात मारले तर ते रिपिटच लवकर खाल्ले जाते. लोखंडी रिपिट ॲल्युमिनियममध्ये मारले तर भोकाभोवती पांढरी भुकटी जमते आणि भोक सैल होते. कोकणपट्टीत किंवा मुंबईच्या बंदर भागात, जेथे हवेत खार असतो, हा झपाटा अधिक असतो. वेगळा धातू वापरणे अटळच असेल तर दोहोंमध्ये प्रायमर आणि सीलंटचा अखंड थर असावा.

पाणी बाहेर जाण्याची वाट बुजवू नका

आमच्या कारागिराने आणखी एक चूक केली होती. भोके बुजवण्याच्या उत्साहात त्याने बॉडीच्या खालच्या कडेची बारीक भोकेही बुजवून टाकली. ती भोके जुन्या फिटिंगची नव्हती. पत्रा आणि अस्तर यांमध्ये कधी दवाचे, कधी पावसाचे जे पाणी उतरते, ते निघून जावे म्हणून ती बॉडी बांधतानाच ठेवलेली असतात. ती बंद झाल्याने पाणी आत साचले, प्लायवूड भिजले आणि कोरड्या दिवशीही गाडीत दमटपणा राहू लागला. खालच्या कडेची भोके बुजवायची नाहीत, उलट तारेने साफ करून मोकळी ठेवायची.

याच कारणाने गळती आतून बुजवू नये. आतून सीलंट फासले तर थेंब दिसेनासे होतात, पण पाणी पत्र्यात शिरलेलेच असते. पाणी अडवायचे ते बाहेरच्या बाजूला. भर पावसाळ्यात गळती निघाली आणि पक्के काम शक्य नसेल, तर पत्रा कोरडा करून बाहेरून ब्युटिलचा फॉइल टेप लावावा आणि दिवाळीनंतर नीट काम करून घ्यावे.

माल भरण्यापूर्वी परीक्षा

रंग झाला म्हणजे काम झाले असे मानू नये. तीन परीक्षा घ्याव्यात, तिन्ही बिनखर्चाच्या आहेत.

पहिली, भर दुपारी एका माणसाने आत बसावे आणि दारे लावून घ्यावीत. दाराशी दुसरा माणूस उभा असावा. आरपार भोक राहिले असेल तर अंधारात उजेडाचा ठिपका दिसतो.

दुसरी परीक्षा पाण्याची. उजेड दिसला नाही तरी दोन पत्र्यांच्या फटीतून पाणी चढून आत येऊ शकते. साधी नळी घेऊन आधी खालच्या भागावर काही मिनिटे पाणी सोडावे, मग हळूहळू वर जावे, शेवटी टप. वरून सुरुवात केली तर पाणी सर्वत्र ओघळते आणि दोष कोठे आहे ते कळत नाही. आतल्या माणसाने बॅटरी घेऊन पाहावे. पत्र्यावर आतून खडूची भुकटी चोळून ठेवली तर ओघळाची रेघ स्पष्ट उमटते. ध्यानात ठेवावे, थेंब जेथे पडतो तेथे भोक असेलच असे नाही. पाणी कमानीवरून हातभर वाहत जाऊन मग टपकते. रेघ धरून वर जावे.

तिसरी, गाडी खडबडीत रस्त्यावरून फिरवून आणावी आणि पाण्याची परीक्षा पुन्हा घ्यावी. उभ्या गाडीत न गळणारा जोड हादऱ्यानंतर गळू शकतो.

इतके करूनही पावसाळ्यात गाठी थेट फळीवर ठेवू नयेत. खाली लाकडी पट्ट्या, बाजूला चार बोटे मोकळी जागा आणि वर ताडपत्री असावी. बॉडी कितीही पक्की असली तरी ही सावधगिरी महाग नाही.

तात्पर्य

जुनी बंद गाडी घेताना आपण इंजिन पाहतो, टायर पाहतो, कागदपत्रे पाहतो. यापुढे आतील आणि बाहेरील फिटिंगची आरपार रिपिटेही मोजावीत आणि ती काढून भोके पक्की बंद करण्याचा खर्च गाडीच्या किमतीत धरूनच सौदा करावा. कारागिराला मजुरी ठरवून देताना असे सांगावे की काम रिपिट निघाल्यावर नव्हे, पाण्याची परीक्षा पार पडल्यावर पूर्ण झाले असे मानले जाईल. चांगल्या कारागिराला ही अट जाचक वाटत नाही.

माझा टेम्पो मी पुढच्या मे महिन्यात या रीतीने दुरुस्त करून घेतला. लांबी खरवडली, खालची भोके मोकळी केली, टपावर पट्ट्या बसवल्या. त्यानंतरच्या पावसाळ्यात त्याच घाटातून माल आणला. गोदामात गाठी सोडताना माझे लक्ष भावाकडे नव्हते, वरच्या ताग्याकडे होते. तो कोरडा निघाला.